वाचकांचे प्रश्न : बेवारस यानाकडे परत जाताना

गेल्या महिन्यात या सदरात आर्थर सी. क्लार्क यांच्या '२०१०: ओडिसी टू' या १९८२ सालच्या कादंबरीविषयी वाचकांची मते मागवली होती. आलेल्या पत्रांत कौतुकापेक्षा तक्रारी अधिक आहेत, आणि तसे व्हावे हीच माझी इच्छा होती. ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही, त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. पहिल्या '२००१: अ स्पेस ओडिसी'मध्ये 'डिस्कव्हरी' या यानावरचा हॅल ९००० हा संगणक सहप्रवाशांच्याच जिवावर उठतो, कमांडर डेव्हिड बोमन त्याची बुद्धी एकेक कप्पा काढून बंद करतो आणि पुढे एका प्रचंड काळ्या शिळेपाशी स्वतःच नाहीसा होतो. नऊ वर्षांनंतर हेवुड फ्लॉइड, अभियंता वॉल्टर कर्नो आणि हॅलला घडवणारे डॉ. चंद्रा हे तिघे 'अलेक्सेई लिओनोव्ह' या सोव्हिएत यानातून, गुरूभोवती बेवारस पडलेल्या 'डिस्कव्हरी'कडे जातात. दुसऱ्या भागाची ही सुरुवात आहे. खालील उत्तरांत शेवट उघड होतो, याची नव्या वाचकांनी नोंद घ्यावी.

प्रश्न : पहिला भाग वाचून मन अनेक दिवस बेचैन होते. दुसऱ्या भागाने मात्र सगळ्याची उत्तरे दिली आणि ती बेचैनीच संपवली. हॅल का बिघडला, हे कळल्यावर तो मला एखाद्या नादुरुस्त यंत्रासारखा वाटू लागला. हा उत्तरभाग लिहिण्याची गरज होती का?
(एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : आपली तक्रार अनेकांची आहे, परंतु ती बरीचशी चुकीच्या पत्त्यावर गेली आहे. आपल्या मनात जे गूढ घर करून बसले आहे, ते स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८ सालच्या चित्रपटाचे आहे. चित्रपट काहीच समजावून सांगत नाही. त्याच वर्षी आलेली क्लार्क यांची कादंबरी मात्र बरेच काही सांगते, आणि हॅलच्या बिघाडाचे मूळही तीत स्पष्ट दिलेले आहे. मोहिमेचा खरा हेतू बोमन आणि त्याचा सहकारी पूल या दोघांपासून लपवून ठेवण्याची आज्ञा हॅलला होती. माहिती न लपवता, न वाकवता पुढे ठेवणे हा तर त्याच्या घडणीचा पाया होता. खोटे बोलण्याची सवय नसलेल्याच्या गळ्यात खोटे बांधले, की काय होते ते आपण घरोघरी पाहतो. दुसऱ्या भागाने हे निदान फक्त डॉ. चंद्रांच्या तोंडून, तपशिलासह आणि अधिकृतपणे वदवून घेतले.

तेव्हा गूढ कोणी संपवले, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. मला वाटते, दोन्ही भागांना एकच फूटपट्टी लावण्यात आपली गल्लत होते. पहिले पुस्तक जाण्याचे आहे. दुसरे परत जाण्याचे आहे, आणि परत जाणारा माणूस नेहमी काहीतरी आवरायला, निस्तरायला किंवा दुरुस्त करायला जातो. फ्लॉइडच्या मनात अपराधीपणाची बोच आहे, कारण ती मोहीम त्याच्याच देखरेखीखाली गेली होती. कर्नोला यान पुन्हा चालते करायचे आहे. चंद्रांना हॅल बरा करायचा आहे. डागडुजीची इतकी मोठी कथा विज्ञानसाहित्यात मला दुसरीकडे क्वचितच भेटली, आणि तिच्यासाठी हा उत्तरभाग लिहिला गेला याचा मला आनंद आहे. उत्तरार्धातील प्रकरणांत बोमनचे जे अशरीरी अस्तित्व पृथ्वीवर येऊन जाते, त्याविषयी मी तितक्या उत्साहाने बोलणार नाही. तिथे आपली तक्रार मला मान्य आहे. जे न दाखवता भव्य वाटत होते, ते दाखवल्यावर थोडे लहान झाले.

प्रश्न : पहिल्या कादंबरीत 'डिस्कव्हरी' शनीकडे जाते, तिथल्या एका उपग्रहावर शेवट होतो. दुसऱ्या भागात ते यान गुरूजवळ कसे सापडते? लेखक स्वतःचेच पुस्तक विसरला का?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : विसरला नाही, त्याने जाणूनबुजून चित्रपटाची वाट धरली. कादंबरीत यान शनीच्या यापेटस या उपग्रहाकडे जाते. चित्रपटात मात्र शनीची कडी पडद्यावर खरी वाटतील अशी तयार होईनात, म्हणून कुब्रिक यांनी प्रवास गुरूपाशीच थांबवला. दुसरा भाग लिहिताना क्लार्क यांनी हा बदल सुरुवातीच्या निवेदनात मोकळेपणाने कबूल केला आहे. त्यांना गुरू हवा होता याचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मधल्या काळात, म्हणजे १९७९ सालच्या मार्च आणि जुलै महिन्यांत, 'व्हॉयेजर' मालिकेतील दोन याने गुरूजवळून गेली होती, आणि जे उपग्रह तोवर दुर्बिणीतले ठिपके होते, त्यांना चेहरे मिळाले होते. शनीच्या शेवटाची आठवण जपून ठेवणाऱ्या वाचकांना याचा राग येतो, हे मी समजू शकतो. पुढे १९८७ साली तिसरा भाग लिहिताना क्लार्क यांनी सांगूनच टाकले की, हे भाग एकाच सरळ रेषेत जोडलेले नाहीत; एकाच विषयावरची ती वेगवेगळी रूपे आहेत. आपल्याकडच्या वाचकांना हे सहज पटावे. एकच राग दोन मैफलींत वेगळा मांडला, तर गायक पहिली मैफल विसरला असे आपण म्हणत नाही.

प्रश्न : मी स्वतः यंत्र अभियंता आहे, तरीही मला मधली पन्नास-साठ पाने रटाळ वाटली. वातावरणात घासून वेग कमी करणे, फिरते यान थांबवणे, वीज सुरू करणे, असे किती वेळ चालते! घरातल्या मंडळींनी तर तिथेच पुस्तक ठेवून दिले.
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नेमकी हीच पाने मी तीनदा वाचली आहेत, त्यामुळे आपल्या घरातील मंडळींशी माझे जमणे कठीण दिसते. 'डिस्कव्हरी' सापडते तेव्हा ती स्थिर नसते, टोकांवर कोलांट्या घेत असते. याचे कारण फार सुंदर आहे. यानाच्या आत माणसांना वजन जाणवावे म्हणून एक मोठा पिंप सतत फिरत असे. यान सोडून दिल्यावर त्याच्या धारव्यांमधले, म्हणजे बेअरिंगमधले, घर्षण वाढत गेले, पिंप हळूहळू थांबले आणि त्याचे फिरणे सगळ्या यानाच्या अंगात उतरले. फिरत्या खुर्चीवर बसून हातात सायकलचे फिरते चाक धरा आणि ते हाताने थांबवा. खुर्ची फिरू लागते. शाळेच्या प्रयोगशाळेत होणारा हा प्रयोग क्लार्क यांनी शेकडो फूट लांबीच्या यानावर केला, आणि उपायही त्यातूनच काढला. कर्नो ते पिंप पुन्हा फिरते करतो आणि यान शांत होते. त्या यानावर बसलेला पिवळट थरही कल्पनेतला नाही. शेजारच्या आयो या उपग्रहावरील ज्वालामुखींनी ओकलेले ते गंधक आहे. आयोच्या परिसरातून दर सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य अवकाशात जाते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पांढरेशुभ्र म्हणून आठवणारे यान असे गंधकाने माखलेले पुन्हा दिसते, तेव्हा नऊ वर्षे म्हणजे काय, हे कळायला वेगळे वाक्य लागत नाही.

वातावरणाच्या ब्रेकविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपण अभियंता आहात. ग्रहापाशी पोहोचलेल्या यानाला वेग कमी करावाच लागतो, नाहीतर ते तसेच पुढे निघून जाते. आपल्या मंगळयानाने २४ सप्टेंबर २०१४ रोजी हे काम इंजिन सुमारे २४ मिनिटे चालवून केले होते. इंजिन म्हणजे इंधन, आणि इंधन म्हणजे वजन. 'लिओनोव्ह' म्हणूनच एक मोठी फुगवता येणारी ढाल पुढे धरून थेट गुरूच्या वातावरणात शिरते आणि एकाच फेरीत आपला वेग जाळून टाकते. वातावरणाच्या घर्षणाचा उपयोग पुढे खरोखर झाला; 'मॅजेलन' यानाने १९९३ साली शुक्राभोवती आणि 'मार्स ग्लोबल सर्व्हेयर'ने नंतर मंगळाभोवती आपली कक्षा अशीच लहान केली. मात्र ती याने आधी इंजिनाच्या बळावर कक्षेत शिरली होती आणि मग महिनोन्महिने वातावरणाला हलकेच अंग लावत राहिली होती. 'लिओनोव्ह'ने एका दमात केले, ते धाडस त्यांनी केले नाही. तेव्हा आपण ज्याला रटाळ म्हणता, त्या प्रकरणात त्या काळी कोणी न केलेली गोष्ट एक लेखक कागदावर करून दाखवत होता.

प्रश्न : डॉ. चंद्रा हे भारतीय पात्र असल्याने आनंद झाला, पण चित्रपटात ते अमेरिकन कसे झाले? आणि पुस्तकातही ते थोडे विक्षिप्त, माणूसघाणे दाखवले आहेत. भारतीय शास्त्रज्ञ म्हटला की तो असाच का?
(एक वाचक भगिनी, नागपूर)

उत्तर : पीटर हायम्स यांच्या १९८४ सालच्या चित्रपटात ही भूमिका बॉब बॅलबन या अमेरिकन अभिनेत्याने केली आणि पात्राचे भारतीयपण गळून गेले. पुस्तकात त्यांचे पूर्ण नाव शिवसुब्रमण्यम चंद्रशेखरमपिल्लई अशा धाटणीचे, लांबलचक आणि उघडच दक्षिणेकडचे आहे. क्लार्क १९५६ पासून श्रीलंकेत राहत होते, त्यामुळे अशी नावे त्यांच्या कानांवर रोज पडत असणार.

आपल्या दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. माणसांत न रमणारा आणि यंत्राशी गुज करणारा पौर्वात्य बुद्धिमान हा साचा त्या काळीही जुना झाला होता, आणि क्लार्क यांनी तो मोडण्याचा फारसा प्रयत्न केला नाही. परंतु त्या साच्यातून त्यांनी जे काढले आहे, ते पाहा. पृथ्वीवर चंद्रा आपल्या प्रयोगशाळेतील सॅल ९००० या हॅलच्या जुळ्या भावंडाला सांगतात की, प्रयोगासाठी तुला काही काळ बंद करावे लागेल. त्यावर ती विचारते की, मला स्वप्ने पडतील का? चंद्रा तिला पडतील असे सांगतात. चित्रपटात हाच प्रश्न शेवटी हॅल पुन्हा विचारतो, आणि या वेळी चंद्रांचे उत्तर असते, मला माहीत नाही. पहिले उत्तर मोठ्या माणसाने मुलाची समजूत काढावी तसे आहे, आणि दुसरे बरोबरीच्या माणसाला द्यावे तसे. माझ्या मते चित्रपटाने मूळ पुस्तकावर मात केली, ती या एका ठिकाणी.

आणखी एक प्रसंग सांगतो. हॅल पुन्हा उलटेल या भीतीने कर्नो त्याच्या वीजवाहिनीवर गुपचूप ती वाहिनी कापणारी एक यंत्रणा बसवतो, आणि ती चालवण्याचे बटण साध्या गणकयंत्राच्या रूपात फ्लॉइडच्या खिशात असते. चंद्रांना हे कळते. ते आरडाओरडा करत नाहीत, सभा बोलावत नाहीत. ती यंत्रणा शांतपणे काढून टाकतात. माणूसघाण्या पात्राचा स्वाभिमान इतक्या कमी शब्दांत मी फारसा वाचलेला नाही.

प्रश्न : 'ही सर्व जगे तुमची आहेत, युरोपा सोडून, तिथे उतरू नका', हा कादंबरीच्या शेवटी माणसांना मिळणारा संदेश मला फार आवडतो. पण आता तर युरोपा या गुरूच्या उपग्रहाकडे यान निघाले आहे. ही आज्ञा मोडली असे म्हणायचे का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : आज्ञा अजून मोडलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेले 'युरोपा क्लिपर' हे नासाचे यान तिथे उतरणार नाही. ते एप्रिल २०३० मध्ये गुरूभोवतीच्या कक्षेत पोहोचेल आणि युरोपाजवळून ४९ वेळा जाईल; सर्वांत जवळच्या फेरीत अंतर अवघे २५ किलोमीटर असेल. क्लार्क यांच्या अदृश्य पहारेकऱ्यांना यात आक्षेपार्ह काही दिसू नये.

आपला प्रश्न गमतीचा असला, तरी त्यामागे एक गंभीर घटना आहे, जी बहुतेक वाचकांना माहीत नसते. 'गॅलिलिओ' हे यान १९९५ पासून गुरूभोवती फिरत होते. त्याच्या चुंबकमापकाने दिलेल्या नोंदींवरून युरोपाच्या बर्फाखाली खारे पाणी असावे, हे पुढे आले. इंधन संपत आले, तेव्हा हे निर्जंतुक न केलेले यान कधीतरी युरोपावर आदळेल आणि आपले जंतू तिथे सांडेल, अशी काळजी वाटू लागली. म्हणून २१ सप्टेंबर २००३ रोजी ते मुद्दाम गुरूच्या वातावरणात लोटून नष्ट करण्यात आले. कादंबरीतली मनाई वरून आली होती. ही मनाई माणसांनी स्वतःवर घातली. या दोहोंपैकी मला दुसरी अधिक मोलाची वाटते.

बर्फाखाली पाणी द्रव कसे राहते, असेही आपण पत्रात पुढे विचारले आहे. आयो, युरोपा आणि गॅनिमीड या तिघांच्या फेऱ्यांचे काळ साधारण एकास दोनास चार या प्रमाणात बांधलेले आहेत. त्यामुळे त्यांच्या कक्षा पूर्ण वर्तुळ होऊ शकत नाहीत, गुरूची ओढ कधी वाढते कधी घटते, आणि उपग्रहाचे सगळे शरीर मळलेल्या कणकेसारखे सतत दाबले आणि सोडले जाते. कणीक मळताना हात गरम होतो, तशी ही उष्णता. आयोवर तिने ज्वालामुखी पेटवले. दूरच्या युरोपावर तिने समुद्र गोठू दिला नाही. त्या समुद्रात पृथ्वीवरील सर्व महासागरांच्या मिळून दुप्पट पाणी असावे, असा अंदाज आहे.

याच समुद्रावर पुस्तकातले माझे सर्वांत आवडते प्रकरण घडते. चीनचे 'चिएन' हे यान सर्वांच्या आधी युरोपावर उतरते, कारण त्याला इंधनासाठी पाणी हवे असते. रात्री यानाचे दिवे लागतात, आणि बर्फाच्या भेगेतून एक प्रचंड, वनस्पतीसारखे काहीतरी उजेडाच्या दिशेने सरपटत येते व यान चिरडून टाकते. त्याच्या मनात वैर नाही. खिडकीतल्या कुंडीतले रोप उन्हाकडे झुकते, तितकेच ते निरागस आहे. वाचलेला एकटा प्राध्यापक चँग, अवकाशपोशाखातील प्राणवायू संपेपर्यंत, ऐकणारा कोणी आहे की नाही हे ठाऊक नसताना 'लिओनोव्ह'ला हे सर्व सांगत राहतो. जे पाहिले ते नीट नोंदवून ठेवावे, एवढीच त्याची धडपड असते. चित्रपटाने हे प्रकरण गाळले आणि त्याजागी अमेरिका व सोव्हिएत रशिया यांच्यातील युद्धाचे सावट आणले, जे पुस्तकात नाही. त्याबद्दल मी चित्रपटाला अजून क्षमा केलेली नाही.

प्रश्न : गुरूचा तारा होणे शक्य आहे का? मी वर्गात हे पुस्तक सुचवतो आणि मुले हाच प्रश्न विचारतात.
(पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : निसर्गाच्या नियमाने शक्य नाही. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट असले, तरी ते सूर्याच्या सुमारे एक हजारांश आहे. हायड्रोजनचे संमीलन टिकून राहण्यासाठी त्याला स्वतःच्या ७५ ते ८० पट व्हावे लागेल. क्लार्क यांना हे ठाऊक होते, म्हणून वस्तुमान बाहेरून आणण्याऐवजी त्यांनी घनता आतून वाढवली. लाखो काळ्या शिळा गुरूचे द्रव्य खाऊन स्वतःसारख्याच शिळा तयार करत जातात, त्यांचा एक काळा डाग पसरत राहतो, आणि शेवटी ग्रह स्वतःवर कोसळून पेट घेतो. इतकी घनता कशी साधली, ते शिळांच्या मालकांनाच माहीत. वर्गात मुलांना गणिताचे उदाहरण म्हणून हे द्या, आणि मग पृथ्वीवर रात्र उरली नाही तर काय होईल, हा निबंधाचा विषय द्या. या निबंधातून मुले अधिक शिकतील.

प्रश्न : २०१० साल येऊन गेले. सोव्हिएत संघ तर १९९१ सालीच संपला. असे शिळे झालेले भविष्य आज का वाचावे?
(एक वाचक, टोरंटो)

उत्तर : साल चुकले, हे खरेच आहे. परंतु हे पुस्तक १९८२ साली कोणाला अर्पण केले होते, ते पाहा. पहिले नाव अलेक्सेई लिओनोव्ह यांचे, ज्यांनी १८ मार्च १९६५ रोजी मानवाच्या इतिहासात प्रथमच यानाबाहेर पाऊल टाकले. दुसरे नाव सोव्हिएत शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांचे, जे त्या वेळी स्वतःच्याच सरकारने गोर्की शहरात नजरकैदेत ठेवलेले होते. शिवाय 'लिओनोव्ह'वरील अनेक सोव्हिएत प्रवाशांना क्लार्क यांनी तिथल्या बंडखोर विचारवंतांची आडनावे दिली होती. एका सोव्हिएत मासिकाने १९८४ साली ही कादंबरी क्रमशः छापायला घेतली. दोन हप्त्यांनंतर ही आडनावे कोणाची आहेत हे वरच्यांच्या लक्षात आले, छपाई थांबली आणि संपादकांना पदावरून जावे लागले. ज्या कादंबरीत दोन्ही देशांची माणसे एकाच यानात गुण्यागोविंदाने राहतात, तिचे असे झाले.

अमेरिकन आणि रशियन माणसे नोव्हेंबर २००० पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात खरोखर एकत्र राहत आहेत, तर चीनने आपले स्थानक वेगळे बांधले आहे. 'लिओनोव्ह' एकीकडे आणि 'चिएन' दुसरीकडे, ही मांडणी निदान शिळी झालेली नाही.

प्रश्न : तिसरा आणि चौथा भाग वाचावा का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तिसरा सवड असल्यास वाचा, कारण त्यात फ्लॉइड म्हातारा होऊन पुन्हा भेटतो आणि हॅलेच्या धूमकेतूवर पाऊल ठेवतो. १९९७ सालचा चौथा माझ्याने दोनदा सुरू करून दोनदा राहिला. त्यापेक्षा दुसरा भागच पुन्हा काढा आणि कर्नो 'डिस्कव्हरी'चे दार उघडतो, तिथून पुढे वाचा.